सासूचं माप, सुनेचं माप

मला सूड घ्यायचा होता आणि तो मी घेतला, हे आधीच सांगून टाकते. ज्याच्यावर घेतला तो माझ्या मालकांचा जावई. माणूस शिकलेला, हसतमुख, कुणाला अरे-तुरे न करणारा. त्याचं नाव मी इथं घेणार नाही. घेतलं तर त्याची फुकट जाहिरात व्हायची, आणि जाहिरातीची त्याला फार हौस.

शिवाजी पेठेत मालकांचा मिरची कांडायचा डंक होता. एका ओळीत उभी लोखंडी मुसळं, वर जाणारी आणि धाडकन खाली येणारी, खाली उखळं. कोल्हापुरात वर्षाची चटणी घरची लागते. मिरच्या घरी वाळवतात, देठं घरी खुडतात, कांदा-खोबरं आणि मसाला घरीच तळतात, पण कांडायला डंकावर यावं लागतं. होळीपासून वळीव पडेपर्यंत आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसायची, आणि घेतलाच तर ठसका लागायचा. मालक दारात बसून नंबर लावायचे. यंत्रापाशी मी. बावीस वर्षं तोंडाला फडकं बांधून मी तिथं उभी राहिले. हात कितीही धुतले तरी डोळ्याला लावायची सोय नव्हती.

प्रत्येक घराचं माप वेगळं. ब्याडगी मिरची रंगाला, संकेश्वरी चवीला आणि तिखटाला, लवंगी नुसत्या जाळाला. कुणाला लसूण जास्त, कुणाला खोबरं कमी, कुणाच्या घरात तिळावरून भांडण झालेलं. ही सगळी घरं मला तोंडपाठ होती. बाई रांगेत दिसली की तिचं माप माझ्या डोक्यात तयार असायचं. मला लिहायला-वाचायला येत नाही असं नाही, सातवीपर्यंत शिकलेली आहे मी. पण हे कधी लिहावंसं वाटलं नाही, कारण जे लिहायचं ते वेगळं होतं आणि जे करायचं ते वेगळं.

हे जरा नीट सांगायला हवं. आमच्याकडं एका घरातून दोन फेऱ्या व्हायच्या. पहिली सुनेची, आदल्या दिवशी, कुणाला न सांगता. दुसरी सासूची, डबे-पिशव्यांसकट, वाजतगाजत. सासू रांगेत सगळ्यांना ऐकू जाईल असं माप सांगायची, कारण तिखट खाणं हा आमच्या पेठेत इभ्रतीचा प्रश्न आहे. सून आदल्या दिवशी काय सांगून गेली, ते फक्त मला ठाऊक.

त्यातलं एक घर कळंब्याचं. सासू मूळची पेठेतली, नव्या घरात राहायला गेली तरी चटणी कांडायला इथंच यायची. माप ठरलेलं: निम्म्याहून जास्त संकेश्वरी, वर दोन मुठी लवंगी. तिच्या पोटात अल्सर होता. डॉक्टरांनी तिखट बंद सांगितलं होतं आणि तिनं डॉक्टरच बदलला होता. सून गरीब, कमी बोलणारी. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी ती ब्याडगीची पिशवी घेऊन माझ्यापाशी आली आणि खाली मान घालून म्हणाली, की मावशी, सासूबाईंना न कळता काही करता येईल का. तेव्हापासून नऊ वर्षं आम्ही ते केलं. सासू समोर असताना मी पहिल्यांदा लवंगीच टाकायची. तिला सणसणीत ठसका लागायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि समाधानानं शिंकत ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसायची. मग मी ती लवंगी आणि बरीचशी संकेश्वरी बाजूला काढून सुनेची ब्याडगी घालायची. रंग असा लालभडक यायचा की म्हातारी चिमूटभर जिभेवर ठेवून रांगेतल्या बायकांना दाखवायची. उरलेली संकेश्वरी सून नंतर घेऊन जायची आणि नृसिंहवाडीजवळच्या आपल्या माहेरी पाठवायची. नऊ वर्षं म्हातारीचं पोट दुखलं नाही. ती म्हणायची, मला बघा, तिखटानंच ठणठणीत हाय.

दुसरे एक गृहस्थ होते, बायको वारलेली. दरवर्षी येऊन तिचं म्हणून एक माप सांगायचे, आणि ते साफ चुकीचं असायचं. आयुष्यात स्वयंपाकघरात पाऊल न टाकलेल्या माणसाला काय ठाऊक असणार. त्यांच्या बायकोचं खरं माप माझ्याकडं होतं. मी ते कांडून द्यायची. ते म्हणायचे, तिच्या हातची चव आहे बघा. मी मान हलवायची.

मालक हे जाणून होते. कधी विचारलं नाही, कधी अडवलं नाही. त्यांच्या लेखी गिऱ्हाईक वर्षानं परत आलं की विषय संपला. ते गेले, आणि त्यांच्या मुलीनं डंक नवऱ्याच्या हवाली केला. तो पुण्याहून आला. आल्याच्या आठवड्यात त्यानं मिरचीच्या पोत्यांशेजारी पांढरा बोर्ड टांगला आणि दुपारी यंत्र बंद असताना आम्हा बायकांना मार्केटिंग शिकवायला लागला.

खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. उत्पादन, किंमत, जागा, जाहिरात, हे चार पाय, आणि एक लंगडा पडला की धंदा बसतो, असं तो म्हणायचा. सगळ्यांना सगळं विकायला जाऊ नका, आधी गिऱ्हाइकांचे गट पाडा. नवं गिऱ्हाईक आणायला जेवढी दमछाक होते त्याच्या मानानं जुनं टिकवणं सोपं. गिऱ्हाईक माल विकत घेत नाही, विश्वास विकत घेतं. मी मनात म्हणायची, हे तर मी रोज करते, फक्त त्याला एवढी नावं असतात हे ठाऊक नव्हतं. एक दिवस त्यानं बोर्डावर दोन शब्द लिहिले, मागणी आणि गरज, आणि मधे रेघ मारली. माणूस मागतो एक आणि त्याला हवं असतं दुसरं, हे ज्याला कळलं तो धंद्यात राहिला, असं म्हणाला. मला कळंब्याची सून आठवली. वाटलं, ह्याला सांगावं. बोर्डावरचं वाक्य आपल्या यंत्राखाली रोज कसं कांडलं जातं ते दाखवावं. मी सांगायला तोंड उघडलं तोवर त्यानं बोर्ड पुसला होता आणि पुढचा धडा सुरू झाला होता.

सांगितलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण त्यानंतर दोनच दिवसांनी मी त्याचा फोन ऐकला.

डंक चालू असला की बाहेरच्या माणसाला शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. त्याला वाटलं, आम्हालाही येत नसेल. पण बावीस वर्षं त्या आवाजात राहिलेल्या बाईला मुसळांच्या मधलं सगळं ऐकू येतं, आणि तो तर ओरडून बोलत होता. पुण्यातल्या कुणाला तरी सांगत होता, "बाईंचं डोकं एकदा सिस्टीममध्ये उतरलं की झालं. पुढच्या सीझनला त्या नसल्या तरी चालतं. उलट बरंच. जुनी माणसं गिऱ्हाइकाला स्वतःचं समजायला लागतात."

माझ्या हातातल्या फावडीतून कुणाच्या तरी मिरच्या जमिनीवर सांडल्या. मी त्या एकेक करून वेचल्या. रडू आलं नाही. इतका संताप आला की कान गरम झाले. मला काढणार याचा राग एवढा नव्हता. माणसं म्हातारी होतात, मालक बदलतात, चालायचंच. पण गिऱ्हाइकाला स्वतःचं समजणं हा गुन्हा? याच तोंडानं दोन दिवसांपूर्वी विश्वासावर प्रवचन दिलं होतं. त्याला माझं डोकं हवं होतं आणि माझा देह अडचणीचा होता. त्याच क्षणी ठरवलं, की बाबा, तुला डोकं देते. तू मागशील तेवढं देते. तुझ्या बोर्डावरच्या रेघेच्या अलीकडचं सगळं तुझं, पलीकडचं माझं.

मग तीन आठवडे मी त्याच्या कॉम्प्युटरशेजारी खुर्चीवर बसले. तो घराचं नाव विचारायचा, मी माप सांगायची. एकही माप खोटं सांगितलं नाही. सासवा जे रांगेत मोठ्यांदा सांगायच्या ते जसंच्या तसं, लवंगीच्या मुठीसकट. सुनांनी आदल्या दिवशी जे सांगितलं त्यातलं अक्षरही नाही. त्याला यादी संपवायची घाई, मला सूड उगवायची. तो खूश होता. तुम्ही म्हणजे चालता-बोलता डेटाबेस आहात मावशी, असं म्हणाला. मी लाजल्यासारखं केलं. त्या तीन आठवड्यांत मला जेवढं सुख झालं तेवढं माझ्या लग्नात झालं नव्हतं.

कळंब्याचं घर आलं तेव्हा मात्र मी थांबले. संकेश्वरी सांगितली, लवंगी सांगितली. त्यानं टाइप करता करता विचारलं, "काही राहिलं का, मावशी?"

"न्हाय," मी म्हणाले.

त्या सुनेची मला आठवण झाली नव्हती असं म्हणायची सोय नाही. झाली होती. तिची खाली घातलेली मान दिसली होती. पण एक घर वगळलं तर सूड अर्धवट राहील असं वाटलं. बघू नंतर, तिला कळवू काहीतरी, असं मनाला सांगितलं आणि पुढच्या घरावर गेले.

सीझन संपल्यावर त्यानं माझा सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला, गिऱ्हाइकांसमोर दोन शब्द बोलला, मोबाइलवर फोटो काढून घेतले. म्हणाला, मावशी आता विश्रांती घेणार आहेत. मी हसून नमस्कार केला. मनात म्हणत होते, पुढच्या होळीला भेटू.

त्याची योजना मोठी होती. आता गिऱ्हाइकानं मिरच्या आणायच्या नाहीत, वाळवायच्या नाहीत, रांगेत शिंकायचं नाही. मोबाइलवर मेसेज येणार, त्यात एक बटण: गेल्या वर्षीसारखीच. ते दाबलं की तुमच्या घरच्या मापाची चटणी तुमच्या दारात. बायकांना हायसं वाटलं असणार. सगळ्यांनी बटण दाबलं, कारण गेल्या वर्षीची चटणी उत्तम झाली होती.

मी तोवर दोन गल्ल्या सोडून भाड्यानं गाळा घेतला होता आणि जुनं यंत्र दुरुस्त करून बसवलं होतं. पाटी लावली नाही, कुणाला निरोप धाडला नाही. नुसती वाट बघत बसले. होळीनंतर आठ दिवसांत पेठेत बोंब उठली. ही आमची चटणी न्हाय. तोंडाला लावता येत न्हाय. पोरं रडायला लागली, पाव्हणे ताटावरून उठले. बायका पाकिटं घेऊन जावयाच्या दारात उभ्या राहिल्या, आणि तो बिचारा प्रत्येकीला कॉम्प्युटरवर दाखवत होता की हे बघा, तुमच्या सासूबाईंनी सांगितलेलं माप हेच आहे, एका चिमटीचा फरक नाही. सासवा शेजारीच उभ्या. त्यांना ते माप नाकबूल करता येईना, कारण पेठेसमोर जन्मभर तेच सांगत आल्या होत्या. मला हे ऐकवायला दिवसातून चारजणी यायच्या. मी त्यांना चहा पाजून पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावायची. हसून हसून माझ्या बरगड्या दुखल्या. हळूहळू रांग माझ्या गाळ्याकडं वळली. बायको वारलेले ते गृहस्थही आले. माझ्यापुढं वाटीत आणलेली चटणी ठेवली आणि म्हणाले, हिची चव पार गेली की हो. ते एवढंच म्हणाले आणि बाकावर बसून राहिले. तेव्हा मला पहिल्यांदा हसू आलं नाही. पण मी त्यांची चटणी कांडून दिली आणि रांगेतल्या पुढच्या बाईकडं वळले.

दोन दिवसांनी दुपारी कळंब्याची सून आली. ब्याडगीची पिशवी नव्हती, हातात नुसतं एक फोडलेलं पाकीट होतं. तिनं ते माझ्यासमोर धरलं. त्यावर माझा फोटो होता. सत्काराच्या दिवशीचा, शाल पांघरलेला, हसरा. खाली मोठ्या अक्षरात छापलं होतं, मावशींच्या खात्रीची. पाकिटं जावयाच्या दारात जात होती, माझ्याकडं नुसत्या मिरच्या येत होत्या, आणि माझा चेहरा पाकिटावर आहे हे मला इतक्या दिवसांत एकीनंही सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं असणार, मला ठाऊक आहे.

सून म्हणाली की सासूबाई तीन दिवस दवाखान्यात होत्या, सलाइनवर. आता घरी आल्यात, पोट बरं आहे. पण त्यांनी डंकावर जाऊन चौकशी केली, माप बरोबर निघालं, आणि मग त्यांनी विचार केला, की हे माझं माप असेल तर नऊ वर्षं मी काय खाल्लं. त्यांनी सुनेला समोर बसवून विचारलं. तिला खोटं बोलता आलं नाही. त्या दिवसापासून त्या तिच्या हातचं पाणी पीत नाहीत. शेजारच्या घरून डबा येतो. नवरा आईच्या बाजूचा. तो म्हणाला, आज चटणीत फसवलंस, उद्या औषधात फसवशील.

हे ती न रडता सांगत होती.  मी म्हणाले की तू चाखून तरी बघायची होतीस.

"पाकिटावर तुमचा फोटो हुता की मावशी," ती म्हणाली. "तुमीच केलीया म्हणून न चाखता वाढली."

मग पाकीट माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "एक फोन केला असता तर बरं झालं असतं."

तिचा नंबर माझ्याकडं होता. सगळ्यांचेच होते. मी एकीलाही केला नाही. पेठेत बोंब उठायला हवी होती मला, आणि आधी फोन केला असता तर बोंब कमी उठली असती. हे मी तिला सांगितलं नाही, पण तिला कळलं असावं. बावीस वर्षं मी या बायकांना माझ्या म्हणत होते, आणि वेळ आल्यावर मी त्यांच्याच घरातून दगड उचलून जावयाच्या दारावर मारले होते.

मी तिला म्हणाले की सासूबाईंना माझ्याकडं घेऊन ये. सगळा दोष मी माझ्यावर घेते. म्हणेन, सुनेला काही ठाऊक नव्हतं, मीच केलं. पुढच्या आठवड्यात ती त्यांना खरंच घेऊन आली.

म्हातारी वाळली होती, आवाज तोच होता. मागं सून मिरच्यांची पिशवी घेऊन उभी. रांगेत सात-आठ बायका. मी यंत्र बंद केलं, पुढं आले आणि ठरवलेलं सगळं बोलले. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, की मग ब्याडगी कुठनं आणायचीस, तुझ्या पदरची? मी हो म्हणाले. 

"दोघींनी मिळून नऊ वरीस मला येड्यात काढलं," ती म्हणाली. "जाऊ दे ते. आता माझ्या डोळ्यांम्होरं कांड. निम्म्याच्या वर संकेश्वरी, दोन मुठी लवंगी. मी हितनं हलणार न्हाय."

मी म्हणाले, की तुमच्या पोटाला ते सोसणार नाही. सलाइन काढून महिना झालेला नाही. मी लवंगी घालणार नाही.

"पोट माझं हाय," ती म्हणाली. "कांडतीस का न्हाय?"

मी सुनेकडं बघितलं. तिनं मान हलवून मला नाही म्हणायला सांगितलं, का हो म्हणायला सांगितलं, ते मला आजही नक्की ठाऊक नाही. मी म्हणाले, न्हाय.

म्हातारीनं वाद घातला नाही. पदर सावरला आणि रांगेतल्या बायकांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "तिकडं जावयाकडं जाते. त्यो बरा. सांगंल तसं देतो, आन् माझी अक्कल काढत न्हाय."

ती निघाली. सून पिशवी उचलून तिच्या मागून गेली. दोन गल्ल्यांचं तर अंतर, आणि म्हातारी ठणठणीत चालत होती. जावयाचं अर्धं गिऱ्हाईक मी तोडलं होतं, पण हे एक मी माझ्या हातानं त्याला बांधून दिलं होतं, आणि ते मरेपर्यंत तुटणार नव्हतं. कोपऱ्यावर सुनेनं एकदा मागं वळून बघितलं.  रांगेतली पहिली बाई म्हणाली की मावशी, यंत्र चालू करा, उशीर व्हायला लागलाय.